शुक्रवार कुणाचा?

बंगळूरच्या एका कंपनीत मी काही वर्षं भाषांतराचं काम केलं. आमच्या खोलीत सहा भाषांची सहा माणसं बसत. दर सोमवारी मनुष्यबळ विभागाची मेल यायची, 'फन फ्रायडे'ची. कधी 'बॉलिवूड', कधी 'नव्वदचं दशक', कधी 'आपला पारंपरिक पोशाख'. शुक्रवारी दुपारी तीन वाजता कामं बाजूला सारायची, ठरलेल्या वेषात खाली उपाहारगृहात जमायचं, खेळ खेळायचे, फोटो काढायचे, समोसे खायचे आणि सहाला घरी जायचं. उपस्थिती ऐच्छिक असे. तरी कोण आलं नाही हे सगळ्यांना ठाऊक असे.

एकदा कंपनीचं अंतर्गत पत्रक भारतीय भाषांतून काढायचं ठरलं आणि 'फन फ्रायडे'ला प्रतिशब्द शोधायचं काम आमच्या खोलीकडे आलं. हिंदीवाल्याने 'मस्ती भरा शुक्रवार' सुचवलं आणि स्वतःच खोडलं. मी 'मजेचा शुक्रवार' लिहिलं आणि थांबले. शब्द चुकीचा नव्हता. पण शुक्रवार मराठीत मजेचा नाही. तो जिवतीच्या पूजेचा आहे, संतोषीमातेचा आहे, फुटाण्यांचा आहे. आणि मुळात आठवड्याचा शेवट शुक्रवारी होतो हे आपल्याला कुणी सांगितलं?

त्या एका शब्दामागे मी पुढे बराच काळ फिरले. हाती जे लागलं ते इथे मांडते आहे.

आठवड्याचं गणितच भाषेगणिक बदलतं. हिंदीतला 'हफ़्ता' फारसीतल्या सातावरून आला. मराठी 'आठवडा' आठ मोजतो, कारण एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजली की आठ होतात. मराठीत 'हप्ता' म्हटलं की कर्जाचा नाहीतर गुंडाचा, आणि 'सप्ताह' म्हटलं की हरिनामाचा. कन्नडमध्ये 'वारांत्य' आहे, बंगालीत आणि हिंदीत 'सप्ताहांत' आहे, पण हे शब्द वर्तमानपत्रात जितके दिसतात तितके घरात ऐकू येत नाहीत. गावात आठवडा बाजाराच्या दिवशी फिरायचा. त्या दिवशी माणसं भेटत, चहा पीत, सोयरिकी जुळवत. तो दिवस सुट्टीचाही नव्हता आणि कामाचाही नव्हता. काम एकीकडे आणि मजा दुसरीकडे, अशी वाटणी व्हायला आधी कारखाना यावा लागला.

कारखान्याची सुरुवात जिथे झाली त्या इंग्लंडात आधी शुक्रवार नव्हता, सोमवार होता. चांभार, विणकर, सुऱ्या-कात्र्या करणारे, छापखान्यातले जुळारी, अशी नगावर मजुरी घेणारी मंडळी शनिवारी पैसे हाती आले की रविवारी पीत आणि सोमवारी कामावर जात नसत. या दांडीला त्यांनी चेष्टेने संतपद दिलं आणि 'सेंट मंडे' म्हणू लागले. असा संत चर्चच्या कुठल्याच यादीत नाही. जर्मन कारागीर याच दिवसाला 'निळा सोमवार' म्हणत. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी लंडनच्या छापखान्यात कामाला होता. आपण हा सोमवार कधी पाळला नाही आणि त्यामुळे मालकाची मर्जी बसली, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे सगळे मजा करत असताना काम करणारा एक जण तेव्हाही होता, आणि मालकाचं त्याच्याकडे लक्ष होतं.

इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ सालच्या एका गाजलेल्या निबंधात दाखवलं की घड्याळाची शिस्त कामगाराच्या अंगात मुरायला पिढ्या लागल्या. पुढे १९७६ साली डग्लस रीड यांनी बर्मिंगहॅम शहरापुरता या सोमवाराचा अस्त कसा झाला ते तपासलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मालकांनी एक देवघेव पुढे केली. सोमवारी वेळेवर या, म्हणजे शनिवारी दुपारी लवकर सोडू. इंग्लंडच्या १८५० च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं होतं. कामगारांनी स्वतः घेतलेला अख्खा दिवस गेला आणि त्याच्या जागी वरून मिळालेली अर्धी दुपार आली. आज आपण ज्याला वीकेंड म्हणतो त्याच्या पायात हा सौदा आहे.

मुंबईत गोष्ट वेगळी घडली. आपल्याकडे गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. विजेचे दिवे नव्हते तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठं. गिरणीला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. मोठा सण आला की भोंगा बंद, एरवी दमलेला माणूस खाडा करी आणि खाड्याचे पैसे कापले जात. 'खाडा' हा शब्द मला 'सेंट मंडे'चा गरीब चुलतभाऊ वाटतो. त्याला कुणी संत केलं नाही.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. मागण्या वाचल्या की आज लाज वाटावी इतक्या त्या साध्या आहेत. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवायला. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई.

सहा वर्षं काही झालं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्का मारला. शाळेत असताना मला वाटायचं की रविवार साहेबाने चर्चला जायचं म्हणून दिला. साहेबाच्या कचेरीपुरतं ते खरं असेल. गिरणीतला रविवार मात्र मागून, सह्या गोळा करून, उन्हात उभं राहून मिळालेला आहे. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार. परळच्या सातारकराला आणि पुणेकराला तो परका वाटायचं कारण नव्हतं.

'सुट्टी' या आपल्या शब्दात सुटणं ऐकू येतं. शाळा सुटते, गिरणी सुटते, पाळी सुटते. गिरणी सुटल्यावर माणसं काय करत, याने गिरणगावाचा सांस्कृतिक इतिहास भरलेला आहे. एका गावचे पंधरा-वीस जण एका गाळ्यात राहत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. त्यांच्यापैकीच कुणी पखवाज वाजवी, कुणी नमन-खेळ्यांतलं सोंग घेई. भजनी मंडळं, शाहिरी, दशावतार, तालमी, लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा, परळच्या दामोदर नाट्यगृहातली कामगार नाटकं, हे सगळं सुटलेल्या वेळात उभं राहिलं. सोंगं होती, वेष होते, तोंडाला रंगही होता. पण कुठलं सोंग घ्यायचं हे मुकादम ठरवत नव्हता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये निघालं तेव्हा तर त्या सोंगांत मालकही आला, रंगमंचावर, हसं करून घ्यायला.

गिरणीच्या आतला उत्सव एकच होता, दसऱ्याच्या सुमाराचा. खंडेनवमीला शस्त्रं पूजतात तशी गिरणीत यंत्रं पूजली जात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. हा रिवाज बंगळूरमध्ये अजून टवटवीत आहे. आयुधपूजेच्या आधीच्या दिवशी आमच्या कचेरीतल्या संगणकांना कुंकू लागायचं, फाटकाशी कोहळा फोडायचे, गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवायचे. त्या दिवशी कुणाला थीम सांगावी लागत नसे. ड्रायव्हर, पहारेकरी, व्यवस्थापक, सगळे एकाच प्रसादाच्या रांगेत असत.

मग शुक्रवार आला कुठून? तो दोन वाटांनी आला आणि दोन्ही अमेरिकेतून.

पहिली वाट हवाई बेटांची. तिथल्या उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर जपानी, चिनी, फिलिपिनो मजूर राबत. होनोलुलूच्या शिंप्यांनी १९३० च्या दशकात किमोनोच्या रंगीत कापडाचे सैल सदरे शिवले. त्यांना 'अलोहा शर्ट' म्हणू लागले. प्रवाशांना ते आवडले, पण स्थानिक कचेऱ्यांत कोट-टायच चाले. १९६२ मध्ये तिथल्या कपडे उत्पादकांच्या संघटनेने मोहीम काढली आणि विधिमंडळातल्या प्रत्येक सदस्याला दोन-दोन अलोहा शर्ट भेट दिले. उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांत असे सदरे घालायला मोकळीक मिळावी असा ठराव आला. मग निदान शुक्रवारी तरी सगळ्यांनी ते घालावेत असा प्रचार झाला आणि १९६६ पासून 'अलोहा फ्रायडे' रुळला. हवाईचा उकाडा खरा होता, गळ्यातल्या टायचा त्रासही खरा होता. पण मागणी करणारे कारकून नव्हते, सदरे विकणारे होते.

ही चाल अमेरिकेच्या मुख्य भूमीवर 'कॅज्युअल फ्रायडे' म्हणून पसरली. १९९२ मध्ये मंदीच्या दिवसांत लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने शुक्रवारी काय घालावं याची मार्गदर्शक पुस्तिका छापली आणि देशभरच्या सुमारे पंचवीस हजार मनुष्यबळ अधिकाऱ्यांना पाठवली. पुस्तिकेतल्या चित्रांत अर्थात त्यांच्याच विजारी होत्या. याच कंपनीने १८७३ मध्ये रिव्हेट ठोकलेल्या विजारीचं पेटंट घेतलं होतं, ते खाणीत आणि रानात काम करणाऱ्यांसाठी. खिसे फाटू नयेत म्हणून रिव्हेट. इंग्रजीतल्या 'डंगरी' या कष्टकरी पोशाखाचं नाव आपल्याकडच्या डुंगरी नावाच्या जाड्याभरड्या कापडावरून गेलं आणि ते नाव मुंबईच्या डोंगरीशी जोडलं जातं. शुक्रवारी आपण मोकळे होण्यासाठी जे घालतो ते कुणाचे तरी रोजचे कामाचे कपडे होते. ही गोष्ट मला पुढे नको तितकी नीट कळणार होती.

दुसरी वाट कॅलिफोर्नियातल्या संगणक कंपन्यांची. ह्युलेट-पॅकार्डमध्ये शुक्रवारी दुपारी एकत्र बियर पिण्याचा रिवाज होता. १९७४ मध्ये निघालेल्या टँडम कंपनीने तो दर शुक्रवारचा नेम केला. साहेब आणि साधा अभियंता एकाच पिंपाशी उभे राहतात, म्हणजे इथे उतरंड नाही, असा त्याचा अर्थ लावला जाई. त्या अर्थात काही खरंही होतं. अडलेलं काम कधी कधी ग्लास हातात असताना सुटतं. पण याच खोऱ्यातल्या कंपन्यांना कामगार संघटना नको होत्या. माणसं आनंदात आणि घरच्यासारखी असली की त्यांना संघटनेची गरज वाटू नये, हाही हिशेब त्यात होता. गूगलची शुक्रवारची सभा या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध. कंपनी जगभर पसरली तेव्हा ती गुरुवारी सरकवावी लागली, कारण कॅलिफोर्नियात शुक्रवारचे साडेचार वाजतात तेव्हा बंगळूरला शनिवारची पहाट झालेली असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही साप्ताहिक सभा महिन्यातून एकदा करण्यात आली. कर्मचारी तोवर मालकांना अवघड प्रश्न विचारू लागले होते.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये मिळाला, महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून. सॉफ्टवेअर कंपन्यांनी मात्र परदेशी ग्राहकांच्या सोबत तो आधीच आणला होता. म्हणून शुक्रवारची मजा भारतात कचेरीच्या इंग्रजीतून शिरली आणि तिला कुठल्याच भाषेत नाव मिळालं नाही. परळची गंमत अशी की १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या आवारांत कचेऱ्या, मॉल आणि पब आले. लोअर परळला फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारात आता शुक्रवारी संध्याकाळी गर्दी लोटते. रविवार जिथे मिळवला गेला तिथेच शुक्रवार विकला जातो.

मजा सक्तीची होऊ शकते का, हा प्रश्न फ्रान्समध्ये कोर्टात गेला. पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये एका वरिष्ठ कर्मचाऱ्याला काढून टाकलं. तो कंपनीच्या 'मजेत काम' या मूल्यांत सामील होत नाही, आठवड्याच्या शेवटी होणाऱ्या मद्यपानाच्या बैठकांना येत नाही, ही कारणांपैकी एक होती. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा कार्यक्रमांत सामील न होणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यासाठी माणसाला काढता येत नाही. निकाल वाचताना मला आमची 'ऐच्छिक' उपस्थिती आठवली.

आता मी ज्या शुक्रवारामुळे या सगळ्यात पडले तो सांगते.

त्या आठवड्याची थीम होती 'गणवेश'. लोक हौसेने तयार होऊन आले. वैमानिक, नर्स, फौजी, रेल्वेचा टीसी. मी शाळेचा निळा पिनाफोर आणि दोन वेण्या. हे सांगायला हवं की मला मजा येत होती. वर्षभर शेजारी बसून ज्याच्याशी फक्त अल्पविरामांवरून भांडले होते तो तमिळचा भाषांतरकार पोस्टमन होऊन आला होता आणि त्याने सगळ्यांच्या नावाने खरोखर पत्रं लिहून आणली होती. माझं पत्र माझ्याजवळ अजून आहे. अशा दुपारी नुसत्या ढोंगाच्या असतात असं म्हणणाऱ्यांशी माझं पटणार नाही.

मग विक्री विभागातला एक मुलगा आला. त्याने आमच्या सफाई कर्मचाऱ्यांचा करडा कोट घातला होता, डोक्याला फडकं, हातात मॉप. कोट त्याने त्यांच्याच खोलीतून मागून आणला होता. तो मॉप फिरवत नाचला. हशा झाला, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्याला दुसरं बक्षीस मिळालं.

आमच्या मजल्यावर सफाई करणारी अक्का दाराशी उभी होती, तसाच कोट घालून, तसाच मॉप घेऊन. कार्यक्रम संपला की तिचं काम सुरू व्हायचं होतं. ती हसत होती. फोटो काढणाऱ्याने तिला हाताने जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण ती चौकटीत येत होती. ती सरकली.

सोमवारी मी तिला गाठलं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि माझं कन्नड तोकडं. त्या कोटाचं तुम्हाला वाईट वाटलं का, असं मी कसंबसं विचारलं. ती म्हणाली, कोट तिचाच होता, धुऊन परत मिळाला. मग तिने मला विचारलं, "मॅडम, पुढच्या शुक्रवारी चमकी असणार का?" मला कळेना. तिने समजावून सांगितलं. फुगे असले तर हरकत नाही, कागदाच्या पताका असल्या तरी चालतं, पण चमकी गालिच्यात बसते, झाडूने निघत नाही, मग शनिवारी पुन्हा यावं लागतं. ती ठेकेदाराकडे कामाला होती. तिचा आठवडा सहा दिवसांचा होता, आणि शनिवारी ती लवकर सुटे, चमकी नसेल तर. आमचे खेळ, वेष, बक्षिसं याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिला आपली शनिवारची दुपार हवी होती.

१८८४ च्या अर्जातल्या मागण्या मी त्यानंतर पुन्हा काढून वाचल्या. त्यांतही मजा हा शब्द नाही. अर्धा तास, एक दिवस, सूर्यास्त, पंधरा तारीख. माणसं वेळ मागत होती. त्या वेळेचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

मी मनुष्यबळ विभागाला मेल लिहिली की चमकी वापरू नका आणि साफसफाई शुक्रवारीच आपण सगळ्यांनी मिळून करू या. पहिली सूचना त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीला उत्तर आलं नाही. पुढचे काही शुक्रवार आम्ही सहा भाषांवाले साडेपाचला उठून पताका काढायचो, खुर्च्या लावायचो. दोन-तीन जण आणखी येत. मग प्रकल्प संपला आणि आम्ही पांगलो.

पत्रकासाठी मी शेवटी 'शुक्रवारचा मेळ' असं लिहून दिलं. मेळ म्हणजे जमणं, आणि हिशेब जुळणंही. छापताना त्यांनी देवनागरीत 'फन फ्रायडे' असंच ठेवलं. भाषांतर म्हणून ते बरोबरच होतं.